रेनपायमध्ये संवादामागचे सुटे आवाज रँडम कसे वाजवावेत

रेनपाय म्हणजे संवाद वाचत पुढे जाणारे कथा-खेळ बनवण्याचं सॉफ्टवेअर. त्यातला एक प्रसंग घ्या: पावसाळी रात्र, दोन पात्रं ओसरीवर बोलत बसली आहेत. मागे एकच तीन मिनिटांचा ट्रॅक फिरत ठेवला, तर दुसऱ्या फेरीला तोच बेडूक त्याच ठिकाणी ओरडतो आणि वाचणाऱ्याला ते कळतं. म्हणून आवाजाचे दोन थर करा. पावसाची संततधार लूपवर राहू द्या. बेडूक, लांबचं कुत्रं, गडगडाट यांच्या मात्र सुट्या फाइल ठेवा आणि त्या अनियमित अंतराने वाजवा.

बरेच जण प्रत्येक संवादाआधी स्क्रिप्टमध्ये किंवा पात्राच्या कॉलबॅकमध्ये (ठरावीक क्षणी रेनपाय आपोआप चालवतं ते फंक्शन) रँडम आवाज लावतात. तसं करू नका. आवाज मग क्लिकला बांधला जातो: भरभर वाचणाऱ्याला गोंगाट, सावकाश वाचणाऱ्याला शुकशुकाट. शिवाय नेहमीच्या 'साउंड' चॅनलवर (चॅनल म्हणजे आवाज वाजवायची एक स्वतंत्र वाट) नवा आवाज आला की आधीचा तुटतो. वेळ सांभाळायचं काम चॅनलकडेच सोपवायचं, आणि रेनपायमध्ये त्याची सोय आहे.

(पुढची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायची.)

आधी इनिट पायथन ब्लॉकमध्ये (खेळ उघडताना एकदाच चालणारा कोड) 'रेनपाय.म्युझिक.रजिस्टर_चॅनल'ने नवा चॅनल नोंदवा. नाव समजा 'रान', मिक्सर 'एसएफएक्स', लूप फॉल्स. मिक्सर एसएफएक्स दिल्यामुळे सेटिंगमधला आवाजाचा स्लायडर आपोआप लागू होतो.

मग डिफॉल्ट विधानाने एक रिकामी यादी घोषित करा: 'रान_यादी'. प्रसंग सुरू झाला की तिच्यात फाइलींची नावं भरायची, संपला की ती रिकामी करायची. डिफॉल्ट वापरल्यामुळे ही यादी सेव्हमध्ये जाते. आता कॉलबॅक: 'रान' चॅनलची रांग रिकामी झाली की रेनपाय जे फंक्शन बोलावतं ते. तो स्वतः सेव्हमध्ये जात नाही, म्हणून तो लेबलमध्ये (स्क्रिप्टच्या नाव दिलेल्या भागात) न लावता इनिटमध्येच एकदा लावा: 'रेनपाय.म्युझिक.सेट_क्यू_एम्प्टी_कॉलबॅक', फंक्शनचं नाव आणि चॅनल 'रान'. लेबलमध्ये लावला तर खेळ बंद करून पुन्हा उघडल्यावर, त्या प्रसंगातला सेव्ह लोड केला की सगळं गप्प होतं.

फंक्शनला आर्ग्युमेंट नसतं. आत पहिली ओळ यादी तपासण्याची: ती रिकामी असेल तर लगेच रिटर्न, नाहीतर रँडम चॉइस एरर देईल. पुढे मागच्या वेळची फाइल वगळून उरलेल्यांतून एक निवडा. मग ४ ते १२ सेकंदांमधली एक रँडम संख्या घ्या आणि 'रेनपाय.म्युझिक.क्यू'ला दोन घटकांची एकच यादी द्या: आधी कोनी कंसातलं 'सायलेन्स' आणि ती संख्या, त्यामागे निवडलेली फाइल. दोन वेगळ्या क्यू कॉलमध्ये दिलं, तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो, कारण 'क्लिअर_क्यू' मुळात ट्रू असतं. शांतता गायब होऊन आवाज एकामागोमाग आदळू लागले, तर आधी हेच तपासा.

इथे पायथनचं साधं 'रँडम' मॉड्यूल वापरा. 'रेनपाय.रँडम' रोलबॅकनंतर (वाचणारा मागे जाऊन पुन्हा पुढे आल्यावर) तेच उत्तर पुन्हा देतं. कथेवर परिणाम करणाऱ्या फाशांसाठी ते हवंच, बेडकासाठी गरज नाही. गडगडाट विरळ हवा असेल तर 'रँडम.चॉइसेस'ला वजनं द्या: बेडूक ६, कुत्रं ३, गडगडाट १. हे रेनपाय ८ मध्ये चालतं. ७ मध्ये पायथन २ असल्यामुळे बेडकाचं नाव यादीत सहादा लिहावं लागेल.

प्रत्येक वेळी 'रिलेटिव्ह_व्हॉल्यूम' ०.३ ते ०.६ दरम्यान बदला. एकच फाइल कधी जवळची, कधी लांबची वाटते. डावी-उजवी बाजू मात्र 'सेट_पॅन'ने बदलू नका. कॉलबॅक आधीचा आवाज चालू असतानाही येतो, आणि पॅन पूर्ण चॅनलला लागत असल्याने चालू आवाज मध्येच या कानातून त्या कानात उडी मारतो. बाजू फाइलमध्येच बसवा.

प्रसंग संपवताना क्रम महत्त्वाचा: आधी यादी रिकामी, मगच 'रेनपाय.म्युझिक.स्टॉप', फेडआउट १.५ सेकंद. उलट केलं तर कॉलबॅक रांग पुन्हा भरतो आणि पुढच्या शहरातल्या प्रसंगात बेडूक ओरडतो. 'कॉन्फिग.मेन_मेन्यू_स्टॉप_चॅनल्स'मध्येही 'रान' जोडा, म्हणजे मुख्य मेन्यूवर परतल्यावर उरलेला आवाज वाजणार नाही.

फाइली ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करा. दोन्ही टोकांची शांतता कापा आणि १० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टक् असा आवाज येतो. फाइलींचा प्रकार ओपस किंवा ऑग ठेवा. संततधारेच्या लूपसाठी एमपी३ टाळा, कारण त्यात टोकांना शांततेची भर पडते आणि सांधा ऐकू येतो. फाइलींची नावं सगळी लहान लिपीत ठेवा. काही प्रणाली लहान आणि मोठ्या लिपीतली अक्षरं वेगळी मानतात.

आवाज चारच असले तरी चालेल, अंतर कमी असेल तर नाही. संवाद भावनिक असेल तिथे किमान मर्यादा १० सेकंदांवर न्या.

तपासताना एका संवादावर दोन मिनिटं क्लिक न करता थांबा, मग सेव्ह करून खेळ बंद करा, पुन्हा उघडून लोड करा, आणि शेवटी प्रसंग संपेपर्यंत स्किप दाबून ठेवा.