गावातून हैदराबादच्या वॉटर पार्कला निघताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

हैदराबादच्या वंडरला या वॉटर पार्कच्या पहिल्या ट्रिपचं बजेट मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या शेवटच्या पानावर काढलं होतं. गाडी, तिकीट, रूम, जेवण अशा चार ओळी आणि खाली बेरीज. माणशी साडेतीन हजार. परत आलो तेव्हा प्रत्येकाचे साडेपाच हजार उडाले होते, आणि आमच्यातले दोन पोट्टे पोळ्यापर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर दोनदा पुन्हा गेलो आणि दोन्ही वेळा हिशेबात राहिलो. मधे काय शिकलो ते लिहून ठेवतो आहे.

हिशेब नागपूरपासून धरणं

सगळ्या व्हिडिओत ट्रिप नागपूरहून निघते. "नागपूर ते हैदराबाद पाचशे किलोमीटर, आठ-नऊ तास" असं म्हणतात आणि आपण तेच वहीत उतरवतो. आपण राहतो कुठे? आमचं गाव पांढरकवड्याच्या आत, फाट्यापासून सहा किलोमीटर. रस्ता पाहायला गेलं तर आपण फायद्यात आहोत, कारण पांढरकवड्याहून हैदराबाद साडेतीनशेच्या आसपासच पडतं. खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचं तर समृद्धी धरूनही सातशेच्या घरात अंतर होतं. म्हणून आमच्या भागातल्या पोट्ट्यांनी आधी हैदराबादच धरावं असं माझं मत आहे.

पण गाडी यवतमाळहून बोलावली तर तिचं मीटर मालकाच्या दारातून सुरू होतं आणि त्याच्याच दारात थांबतं. यवतमाळ ते पांढरकवडा सत्तरेक किलोमीटर. जाताना रिकामी, येताना रिकामी, म्हणजे एकशे चाळीस. किलोमीटरला 14 रुपये धरले तर 1,960 रुपये कोणी गाडीत न बसताच गेले. त्यात बहुतेक मालक दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात. तीन दिवस गाडी ठेवली की ती 700 चालो नाहीतर 900, पैसे नऊशेचे. ड्रायव्हरचा भत्ता, त्याचं जेवण, टोल, पार्किंग हे सगळं वेगळं. हे सगळं बोलून एका मेसेजमध्ये लिहून घ्या आणि मालकाकडून "ओके" आलं की मगच ॲडव्हान्स द्या.

ग्रुपवरचा होकार खरा मानणं

आमची सगळ्यात महागडी चूक हीच. ग्रुपवर बारा जणांनी अंगठे दाखवले. क्रूझर 18,000 ला ठरली, माणशी 1,500. निघायच्या आठवड्यात एकाच्या बहिणीचं लगन निघालं, एकाच्या बापाने कापूस विकायचा थांबवला, दोघांनी फोनच उचलला नाही, एक म्हणाला, "मी तर गमतीत हो म्हटलं होतं." उरलो सात. 18,000 भागिले सात म्हणजे 2,571. गाडीचा किराया माणसं पाहून कमी होत नाही.

आता आम्ही असं करतो की गाडी ठरवायच्या आधी प्रत्येकाकडून गाडीचा वाटा रोख घेतो. तो परत मिळत नाही. ऐनवेळी नाही यायचं ठरलं तर आपल्या जागी दुसरा माणूस द्यायचा. कडक वाटतं खरं, पण पैसे भरलेला माणूस येतोच. बारांच्या गाडीचं स्वप्नही सोडा. सहा पक्के असतील तर सात सीटची गाडी घ्या, ड्रायव्हर धरून बरोबर बसतात.

पैसे जमवायला भिशी बरी. जुलैपासून महिन्याला 500 टाकले तर डिसेंबरअखेर तीन हजार हातात येतात आणि घरी एकदम मोठी रक्कम मागावी लागत नाही. कापसाचे पैसे घरात येतात त्याच सुमारास बी-बियाण्याची उधारी आणि बहिणीची फी पण उभी असते, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? आणि स्कॉलरशिपच्या भरवशावर ट्रिप ठरवू नका. जमा झाली की तुमची, तोवर नाही.

प्लेट न पाहता गाडी घेणं

"काकाच्या मित्राची गाडी आहे, स्वस्तात देतो." पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे खाजगी गाडी किरायाने घेणं हे नियमाबाहेरचं काम. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला तेवढं कारण पुरतं. पिवळी, म्हणजे टॅक्सीची प्लेट असली तरी पुढचा प्रश्न उरतो: राज्याबाहेर जायचं परमिट आहे का? गावाकडच्या बऱ्याच गाड्या लगन आणि बाजारावर चालतात, त्यांचं परमिट इथलंच असतं. पाटणबोरी, पिंपळखुटी मागे टाकून पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. आमच्या ड्रायव्हरला तिथेच आठवलं की कागद महाराष्ट्रापुरतेच आहेत. तिकडचा टॅक्स आम्ही भरला, वर त्याचा रुसवाही काढला. "ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, फोटो पाठवा" एवढं विचारायला लाज कसली?

घरचीच कार नेणार असाल तर फास्टॅग आदल्या दिवशी तपासा. 15 नोव्हेंबर 2025 पासून फास्टॅग चालला नाही तर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल लागू झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला 3,000 रुपयांचा, 200 फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला, पण तो फक्त खाजगी गाडीला आणि राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर. हैदराबादच्या आउटर रिंग रोडला तो चालत नाही. डिझेल पांढरकवड्यातच फुल्ल करा, पलीकडे महाग पडतं.

मोटारसायकलवर जायचं काही जण म्हणतात. राजेहो, नका जाऊ. आउटर रिंग रोडवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. मग ट्रकांमधून शहर कापत जावं लागतं.

पहाटे निघून त्याच दिवशी पार्क

कागदावर हे फार छान दिसतं. पहाटे चारला निघायचं, अकराला गेटवर. प्रत्यक्षात चारला निघणारी गाडी पाचला निघते, आदिलाबादला चहा होतो, निर्मलच्या घाटात कोणीतरी उलटी करतो. शिवाय एक गोष्ट नकाशा नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. आपण हैदराबादला उत्तरेकडून, मेडचलच्या बाजूने शिरतो. वंडरला आहे रावीर्यालला, आउटर रिंग रोडच्या 13 नंबरच्या एक्झिटला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. रिंग रोड 158 किलोमीटरचा, त्यातला सत्तरेक किलोमीटरचा वळसा आपल्या वाट्याला येतो. आम्ही दुपारी दोनला पोचलो. पाण्याच्या राईड्स उशिरा सुरू होतात आणि कोरड्या राईड्सच्या आधी बंद होतात. पूर्ण दिवसाचे पैसे भरून आमच्या वाट्याला तीन तास आले, त्यातला एक लॉकरच्या रांगेत गेला.

म्हणून आदल्या दिवशी सकाळी जेवून निघा, रात्री तिथे झोपा. रूम सिकंदराबाद स्टेशनजवळ स्वस्त दिसते, पण सकाळी पुन्हा अख्खं शहर ओलांडावं लागतं. हयातनगर, एल. बी. नगरकडे पाहा. रामोजी फिल्म सिटीही त्याच अंगाला, विजयवाडा रस्त्यावर आहे. मात्र पार्क आणि रामोजी एकाच दिवसात कोंबू नका. रामोजीला स्वतःचा एक दिवस लागतो, तिकीटही वेगळं. पैसे एकाचेच असतील तर एकच करा. माझ्या हिशेबाने विशीतल्या पोट्ट्यांना पार्कमध्ये जास्त मजा येते, रामोजी आई-बाबांना घेऊन पाहायची जागा आहे.

रात्रभर गाडी हाकून रूमचे पैसे वाचवायचा विचार असेल, तर ड्रायव्हर कधी झोपणार ते आधी सांगा.

तारीख आपल्या कॅलेंडरवर ठरवणं

आपली संक्रांत तिळगुळात आटोपते. तिकडे तो तीन-चार दिवसांचा मोठा सण आहे. अर्धं हैदराबाद आंध्रातल्या गावी निघतं आणि विजयवाडा रस्त्याचे टोलनाके तुंबतात. दसऱ्यालाही तिकडे शाळांना लांब सुट्टी असते. हिवाळी परीक्षा आटोपल्या की जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी, मंगळवार ते गुरुवार, हे उत्तम. आठवड्यातल्या दिवशी तिकीटही कमी असतं. पावसाळ्यात विजा चमकल्या की उंच राईड्स थांबवतात, आणि पाऊस आला म्हणून तिकिटाचे पैसे कोणी परत करत नाही.

तिकिटाचा मोठ्या अक्षरातला आकडा धरणं

खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" लिहिलेलं असतं. 2018 पासून मनोरंजन पार्कच्या तिकिटावर तो 18 टक्के आहे. 1,500 चं तिकीट 1,770 ला पडतं, सहा जणांत 1,620 रुपयांचा फरक. ऑनलाइन आणि काही दिवस आधी काढलं तर सूट मिळते, विद्यार्थ्यांचीही वेगळी ऑफर बहुतेक वेळा असते. पण त्यासाठी कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र हातात लागतं. आमच्यातल्या एकाचं ओळखपत्र मागच्या वर्षीचं निघालं. रांग टाळायचा फास्ट-ट्रॅक पास बुधवारी घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

सुती कपडे नेणं

पाण्याच्या राईडला नायलॉन किंवा सिंथेटिक कपडे लागतात. सुती बनियान, जीन्स, सलवार, साडी चालत नाही. गेटवर कळलं की आतल्या दुकानातून दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावं लागतं. आठवडी बाजारात फुटबॉलची हाफ पँट आणि टी-शर्ट स्वस्तात मिळतात. टॉवेल घरून न्या. फोन लॉकरमध्ये जातो, मग यूपीआय कुठून करणार? दोघांकडे थोडी रोख ठेवा, दोघांच्याही वेगवेगळ्या पिशवीत.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिखट-मिठाच्या पुऱ्या, ठेचा, फल्लीची चटणी हा सगळा डबा पार्किंगमध्येच, आत जायच्या तासभर आधी संपवा. भरल्या पोटी मोठ्या राईडवर बसलेल्याची गोष्ट सांगत नाही, तो अजून माझा मित्र आहे.

तरीही गडबड झालीच तर

हायवेवर गाडी बंद पडली तर 1033 लावा, ती राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे. अपघात किंवा दुसरं काही संकट असेल तर 112. पार्कमध्ये कोणी हरवला तर शोधत फिरू नका. आत शिरतानाच एक जागा आणि वेळ ठरवा, दर दोन तासांनी सगळे तिथे. पैसे संपत आले तर आधी रामोजी आणि चारमिनारजवळची खरेदी कापा, ड्रायव्हरचं जेवण कधीच कापू नका. लॉजवर सगळ्यांची मूळ आधार कार्डं मागतात आणि अठराच्या आतल्याला रूम मिळणं कठीण जातं, हे निघायच्या आधीच पाहा. घरी "कॉलेजची सहल आहे" असं सांगून निघाला असाल तर कोणी आजारी पडल्यावर फोन कोणाला करणार हेही ठरवून ठेवा. आमच्यातल्या एकाला ताप चढला, तेव्हा त्याच्या बाबांना सहलीचे सर फोनवर हवे होते.

आणि खर्च रोज रात्री झोपायच्या आधी लिहा. ते दोन पोट्टे रुसले ते 340 रुपयांच्या बिर्याणीवरून, आणि ते कोणी दिले होते हे आजही ठरलेलं नाही.

परतीचं बोलणं करताना "गावापर्यंत" हा शब्द म्हणून घ्या. पहिल्या वेळी आमचं ठरलं होतं पांढरकवड्यापर्यंत. रात्री दीड वाजता ड्रायव्हरने फाट्यावर उतरवलं तेच त्याने उपकार म्हणून. पुढचे सहा किलोमीटर ओले टॉवेल खांद्यावर टाकून, कुत्री हाकलत आम्ही चालत आलो.