आरमध्ये फाइल घेतलीत? आधी कॉलम चाळा

गेल्या उन्हाळ्यात सभासदांच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला : "या आठवड्यात कांद्याचा कमाल दर ९९५ रुपये क्विंटल." पाच मिनिटांत एका आजोबांचा फोन. "ताई, मी काल चोवीसशेनं विकला. तुमचा कॉम्प्युटर कुठल्या सालात आहे?"

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब मी बघते. आमच्याकडचा एक मुलगा फोनवर भाव विचारून एक्सेलमध्ये भरतो. सात कॉलम : तारीख, बाजार, प्रत, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. त्याची सीएसव्ही (खाने स्वल्पविरामानं वेगळे केलेली साधी फाइल) करून मी रीड-डॉट-सीएसव्हीनं आर या आकडेमोडीच्या भाषेत घेते. त्या आठवड्यात एका खान्यात त्यानं २,४५० असा स्वल्पविराम दिला होता. तेवढ्यावरून आरनं अख्खा कमाल दराचा कॉलम मजकूर ठरवला. मजकुरात मोठं-लहान ठरतं ते शब्दकोशासारखं, पहिल्या अक्षरावरून. नऊ दोनाच्या नंतर येतो, म्हणून ९९५ सगळ्यात मोठा! सरासरी मागितली असती तर आरनं निदान कुरकुर केली असती; कमाल मात्र मजकुराचीही बिनबोभाट निघते.

आणि हेड ही आज्ञा चालवून बघितलं होतं मी. सगळे तेच बघतात. हेड पहिल्या सहा ओळी दाखवतं, पण साध्या डेटा फ्रेममध्ये (आरमधल्या टेबलात) आकडा आणि आकड्यासारखा मजकूर दोन्ही उजवीकडे चिकटलेले, अवतरणचिन्हांशिवाय छापले जातात. डोळ्यांना फरक दिसायचा कसा? ओळी बघून कॉलम कळत नाही. टेबल आडवं पाडून बघावं लागतं.

हाताशी फाइल नसेल तर आरमध्ये आयती असलेली एअरक्वालिटी घ्या (नाव जोडून, सगळी छोटी अक्षरं). न्यूयॉर्कच्या हवेच्या १९७३ सालच्या मे ते सप्टेंबरमधल्या रोजच्या नोंदी आहेत. आडवं पाडण्याची आज्ञा म्हणजे एसटीआर. ती लिहून कंसात हे नाव द्या. पहिली ओळ सांगते : १५३ नोंदी, ६ चलं (म्हणजे कॉलम). खाली प्रत्येक कॉलमची एक ओळ, म्हणजे नाव, जात आणि सुरुवातीच्या काही किमती. ओझोनपुढे इंट, म्हणजे पूर्णांक. विंडपुढे नम, म्हणजे दशांश चालणारा आकडा. सीएचआर दिसलं तर मजकूर. मी आधी फक्त हा जातीचा रकाना वरून खाली वाचते, किमतींकडे बघतच नाही. जो कॉलम आकडा असायला हवा आणि सीएचआर म्हणतोय, तिथे बोट ठेवायचं.

मग समरी, म्हणजे प्रत्येक कॉलमचा सारांश. हेडमध्ये ओझोनचा एकच खाना रिकामा दिसतो, पाचव्या ओळीत. समरी सांगते, १५३ पैकी ३७ रिकामे. सोलरचे ७. टेम्पचा पल्ला ५६ ते ९७. नाशिककराला वाचूनच घाम फुटेल, पण ते फॅरनहाइट आहे. एकक कॉलमवर लिहिलेलं नसतं. आरच्या आयत्या फायलींना मदतीचं पान असतं, नावाआधी प्रश्नचिन्ह टाकलं की उघडतं. आपल्या फायलीला ते पान म्हणजे फाइल भरणारा माणूस, त्याला विचारा. आणि समरी महिन्याचीही सरासरी काढते, ६.९९३. आरला महिना हासुद्धा आकडाच. मजकुराच्या कॉलमची मात्र ती नुसती लांबी आणि जात सांगते. मी तेवढं जरी चालवलं असतं, तरी आजोबांचा फोन वाचला असता.

डीप्लायर पॅकेज (आरला वरून जोडायची भर) असेल तर ग्लिम्प्स वापरा. काम एसटीआरचंच, पण मांडणी सुटसुटीत आणि स्क्रीनच्या रुंदीत मावेल एवढंच. मोठ्या सर्वेक्षणाच्या फायलीत याचा खरा उपयोग : एसटीआर मुळात ९९ कॉलमांवर थांबतं आणि यादी कापल्याचं शेवटी बारीक सांगतं, ग्लिम्प्स सगळे दाखवतं. फाइल रीडर या पॅकेजनं वाचली असेल तर एसटीआरच्या शेवटी वाचनाच्या तपशिलांचं भलं मोठं शेपूट येतं. गिव्ह-डॉट-अ‍ॅटर हा पर्याय फॉल्स केला की जातं. व्ह्यूनं एक्सेलसारखी खिडकी उघडते (पहिलं अक्षर मोठं, नाहीतर चालत नाही). ती मी क्वचितच उघडते. तिथे माणूस खालीवर सरकवत बसतो आणि काहीतरी बघितल्याचं समाधान तेवढं मिळतं.

मजकुराच्या कॉलमांना वेगळी तपासणी लागते. बाजाराच्या कॉलमवर टेबल ही आज्ञा चालवा, ती प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजते, आणि युजएनए हा पर्याय इफएनी ठेवा, म्हणजे रिकामे खानेही मोजले जातात. माझ्याकडे लासलगाव दोनदा आलं होतं. दुसऱ्याच्या शेवटी एक मोकळी जागा होती, डोळ्यांना न दिसणारी. ट्रिमडब्ल्यूएसनं ती कापली. पिंपळगाव एकदा अनुस्वारानं आणि एकदा अर्ध्या म-नं लिहिलेलं होतं. त्याला मला आयतं फंक्शन सापडलं नाही, हातानंच दुरुस्त करावं लागलं.

टेल विसरू नका. शेवटच्या सहा ओळींत आमच्या मुलानं प्रेमानं घातलेली "एकूण" अशी ओळ असते. ती राहिली तर आवकीची बेरीज बरोबर दुप्पट.

मराठीत फाइल भरणाऱ्यांकडे आणखी एक गंमत सापडते : कीबोर्ड मराठीवर राहिला की दरही देवनागरी आकड्यांत पडतो. आपल्याला तो दर स्वच्छ वाचता येतो, आरला नाही. मजकुराचा आकडा करणारं अ‍ॅज-डॉट-न्यूमेरिक त्याचं एनए, म्हणजे रिकामा खाना, करून टाकतं. म्हणून क्रम असा ठेवा. जीसबनं स्वल्पविराम काढा, सीएचएआरटीआरनं देवनागरी दहा अंकांचे इंग्रजी अंक करा, आणि मगच अ‍ॅज-डॉट-न्यूमेरिक. त्याआधी आणि नंतर इज-डॉट-एनएची बेरीज घेऊन रिकामे खाने मोजा. आकडा वाढला तर कुठल्या ओळींत वाढला ते काढून मूळ मजकूर वाचा. एनए तयार झाल्याची आरची लाल अक्षरातली सूचना पुसून पुढे जाऊ नका.

त्या फायलीत माझे दोन वाढले. एका खान्यात नुसती आडवी रेघ होती. दुसऱ्यात मुलानं लिहिलं होतं, "फोन उचलला नाही".