हुकरचं अक्षर लागेपर्यंत

नागपूरच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, मी 31 वर्षं पत्रांचं सॉर्टिंग केलं. गिचमिड पत्ते वाचण्यातच उमर गेली. आता तीच नजर जोसेफ डाल्टन हुकर यांच्या पत्रांवर लावतो. हे वनस्पतिशास्त्रज्ञ 1848-49 मध्ये सिक्कीमचे डोंगर पायी तुडवत होते. पुढे 1865 ते 1885 लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक होते. क्यूने त्यांच्या पत्रांचे फोटो इंटरनेटवर ठेवलेत, पण फोटोत शब्द शोधता येत नाही. कुणीतरी बसून टाईप केलं तरच सिक्कीमच्या एखाद्या झाडाचा उल्लेख अभ्यास करणाऱ्या पोरापोरींच्या हाती लागतो. घरबसल्या करता येण्यासारखं हे काम आहे, आणि माझ्या मते फार मोलाचं.

पत्र उघडल्याबरोबर टायपिंगला बसू नका. आधी दोनदा नुसतं वाचा. सुरुवात खात्रीच्या जागांपासून करा: तारीख, ठिकाण, मायना, सही. पत्त्यात आम्ही आधी पिनकोड बघायचो, तसंच. ‘माय डिअर फादर’ एवढं लागलं की एम, डी, एफ हा माणूस कसा काढतो ते कळतं. ती वळणं वहीत उतरवून घ्या. माझ्या वहीत एकट्या ‘आर’ची पाच रूपं आहेत.

खरा कस लागतो तो आडव्या-उभ्या पत्रात. टपालखर्च वाचवायला त्या काळी लोक भरलेलं पान काटकोनात फिरवून त्याच मजकुरावर पुन्हा लिहीत. पडद्यावर नुसती जाळी दिसते. फोटो फिरवा, जाड पोस्टकार्ड धरून एकच ओळ उघडी ठेवा आणि नजर एकाच दिशेने न्या. पाच-दहा मिनिटांत दुसऱ्या दिशेची अक्षरं मागे सरतात. मी हे सकाळी सहाला करतो. मे महिन्यात अकरानंतर कूलरसमोर बसूनही डोळे साथ देत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जे लिहिलंय तेच उतरवा. हुकर दार्जिलिंगला ‘दोर्जिलिंग’ लिहितात, कांचनजंगेला ‘किंचिनजंगा’. त्यांच्या प्रवासवर्णनातही तसंच छापलंय. पहिल्या पत्रात मी ते चूक समजून सुधारलं आणि सगळं पान पुन्हा करावं लागलं. खोडलेला शब्द, ऱ्होडोडेंड्रॉनसाठी लिहिलेलं अर्धवट ‘ऱ्होड.’, सगळं जसंच्या तसं ठेवायचं. झाडाचं नाव अडलं तर इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स या वनस्पतींच्या शास्त्रीय नावांच्या इंटरनेटवरच्या यादीत बघा. पण ते अक्षर ओळखण्यापुरतं. तिथलं स्पेलिंग पत्रात घुसवू नका.

तरीही शब्द लागला नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका. काटोल की कामठी कळत नसेल तर पत्र बाजूला ठेवायचं, अंदाजपंचे पोत्यात टाकायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. दोन दिवसांनी तोच शब्द पुन्हा बघा. पुष्कळदा वहीतलं एखादं नवं वळण तोवर त्याला जुळून गेलेलं असतं.