चेंडूची रेषा: नॉर्वेहून अर्जेंटिनात येऊन पोलो शिकताना

घोड्यावर बसता येतं म्हणून पोलोकडे वळावंसं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मुंबई-पुण्याच्या रायडिंग क्लबात शिकलेले, किंवा माझ्यासारखे परदेशात वाढताना शिकलेले, असे बरेच जण आहेत. मांड, रिकीब, लगाम हे मी समजावत बसणार नाही. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे चकर (हा शब्द आपल्या 'चक्कर'वरूनच जगभर गेला), हेही तुम्हाला ठाऊक असेलच. मला सांगायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. ती मला वेळेवर कळली नाही आणि तिची किंमत एका घोडीने मोजली.

मी सहा वर्षांची असताना बाबांच्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला गेलो. घरात मराठी, शाळेत नॉर्वेजियन, आणि दर शनिवारी गावाबाहेरची रायडिंग स्कूल. तिथे फ्योर्ड जातीचे घोडे होते. अंगाने पिवळसर, ठेंगणे, ताकदवान. त्यांची आयाळ उभी राहील अशी आखूड कापतात, मधोमध काळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना पांढरा. त्या घोड्यांवर मी पंधरा वर्षं काढली. तिकडे स्पर्धेसाठी लागणारं हिरवं कार्डही माझ्याकडे होतं आणि पासपोर्टही नॉर्वेचाच. तिसाव्या वर्षी नोकरीसाठी ब्युनोस आयर्सला आले, तोवर पोलो फक्त फोटोत पाहिला होता.

पहिल्याच नोव्हेंबरात ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने पालेर्मोच्या पोलो मैदानावर नेलं. शहराच्या ऐन मध्यात ते मैदान, बाहेर जॅकरांडाची जांभळी फुलं पडलेली. अर्जेंटिनाची ओपन स्पर्धा 1893 पासून खेळली जातेय आणि लोक या मैदानाला पोलोचं कॅथीड्रल म्हणतात. मैदानाची लांबी 300 यार्ड आहे, हे वाचून काहीच कळत नाही. आठ घोडे एका टोकाकडून आपल्याकडे चौखूर यायला लागले की पायाखालची फळी थरथरते, तेव्हा कळतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या शनिवारी मी शहराबाहेर, कान्युएलास गावाच्या बाजूच्या एका क्लबात हजर होते.

तिथल्या एका वयस्कर खेळाडूने मी भारतातली म्हटल्यावर टोपी काढली. मणिपूरच्या सगोल कांगजेईवरूनच ब्रिटिशांनी हा खेळ उचलला आणि 1859 मध्ये सिल्चरला पहिला क्लब काढला, हे त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. शरम वाटली आणि अभिमानही वाटला. असा प्रश्न तुम्हालाही येईल, एवढं वाचून जा.

आता आधीच्या शिक्षणाबद्दल. तुमची मांड पक्की असेल तर ती इथे उपयोगी पडेल, पण हात सगळे नव्याने शिकवावे लागतील. लगाम एकट्या डाव्या हातात, त्याही चार वाद्या. घोडा तोंडाने कमी आणि मानेवर टेकणाऱ्या लगामाने जास्त वळतो. उजव्या हातात ताको, म्हणजे मॅलेट. मी नॉर्वेत दोन्ही हातांनी, हलक्या संपर्काने घोडा चालवायला शिकले होते. पहिले दोन महिने माझा उजवा हात आपोआप लगामाकडे जायचा आणि ताको घोडीच्या पायांत लटकायचा. असं होतंच. सगळ्यांचं होतं, आणि जातंही.

डावखुऱ्यांनी घाबरू नये. ताको उजव्याच हातात धरायचा हा नियम आहे आणि त्याला सवलत नाही, कारण समोरासमोर येणारे दोघे चेंडू आपापल्या उजवीकडे ठेवून एकमेकांना टाळतात. पण लगामाचं नाजूक काम तुमच्या चांगल्या हाताकडे येतं. मी स्वतः डावखुरी आहे. माझा फटका उशिरा सुधारला, घोडा मात्र इतरांपेक्षा लवकर ऐकायला लागला.

लाकडी घोडा टाळू नका. जाळीच्या पिंजऱ्यात उभा असतो, उतरत्या फळ्यांवरून चेंडू परत येतो. जिवंत घोडा समोर असताना त्यावर बसायला कुणाला नको असतं, पण तुमचा चुकलेला फटका जिवंत घोड्याच्या नडगीवर बसतो. रोज अर्धा तास, किमान महिनाभर.

आता ती गोष्ट.

मला शिकवणाऱ्याने मला दुडकीत आणि भरधाव पाहिलं, चार-पाच दिवस एकटीने चेंडू मारायला लावला आणि म्हणाला, तुला घोडा येतो, शनिवारी प्रॅक्टिस मॅचमध्ये ये. मी हरखून गेले. रेषेचा नियम त्याने पाच मिनिटांत कागदावर काढून दाखवला होता आणि मला तो समजला होता. समजणं आणि अंगात असणं यांतलं अंतर त्याने मोजायला हवं होतं. मीही मोजायला हवं होतं.

नियम असा. चेंडू मारला की तो ज्या दिशेने धावतो ती दिशा पुढे-मागे मैदानभर वाढवा. ही चेंडूची रेषा. ती गवतावर आखलेली नसते, मनातच धरावी लागते आणि प्रत्येक फटक्यासरशी बदलते. जो त्या रेषेवरून, चेंडू आपल्या उजव्या हाताला ठेवून येतोय, तो रस्ता त्याचा. त्याला घोडा आवरावा लागेल असं त्याच्यापुढून आडवं गेलात की फाउल.

वाचायला सोपं आहे. मैदानावर काय होतं ते ऐका. चेंडू सुटून एकटाच गोलकडे घरंगळतोय. तुम्ही त्याच्या डावीकडे, थोडं पुढे आहात. चेंडूजवळ कुणीच नाही. लहानपणापासून क्रिकेट खेळलेल्या माणसाचं अंग अशा वेळी काय करतं? कोन कापून तिरकं धावतं. सीमारेषेकडे जाणारा चेंडू आपण असाच अडवतो, आणि बाबांनी मला स्टाव्हांगरच्या पार्किंगमध्ये तेच शिकवलं होतं. पोलोत चेंडूजवळ कुणी दिसत नाही याचा अर्थ तो मोकळा आहे असा होत नाही. त्याचा मालक तीस मीटर मागून येत असतो. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर, म्हणजे दोन सेकंदांत तो तिथे पोचतो. तुमचे डोळे चेंडूवर, त्याचेही चेंडूवर, आणि तुम्ही तिरके. साडेचारशे किलोच्या आसपासची दोन जनावरं एकाच ठिकाणी एकाच क्षणी पोचतात.

मला मागून ओरडलेलं ऐकू आलं होतं. "देहाला!" म्हणजे सोड, जाऊ दे. मला तो शब्द येत होता. मी सोडला नाही.

मागच्याने घोडी आवरली म्हणून आम्ही दोघं जिवंत आहोत. तरी तिची छाती माझ्या घोडीच्या मागच्या अंगावर आदळली. मी खांद्यावर पडले, गळपट्टीचं हाड मोडलं. माझं हाड जुळलं. माझी घोडी पंचकल्याणी होती, चारही पाय पांढरे आणि कपाळावर चांदणी, आठ वर्षांची. ती उठली तेव्हा पुढचा डावा पाय टेकवत नव्हती. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दुखावली होती. घोड्याची कंडरा भरून यायला वर्षभर लागू शकतं आणि पुन्हा खेळेल याची खात्री कुणी देत नाही.

मग करायचं काय? चेंडू सुटला की आधी मान वळवून मागे पाहा. रेषेवर कोण आहे? मग घोडा चेंडूच्या दिशेने न नेता रेषेला समांतर वळवा. यात एक क्षण जातो आणि आपण मागे पडतोय असं वाटतं. वाटू द्या. समांतर आलात की मग खेळ तुमचा. खांद्याला खांदा, घोड्याला घोडा लावून त्याला रेषेवरून बाजूला ढकलता येतं. त्याच्या फटक्याच्या बाजूला असाल तर त्याच्या ताकोला आपला ताको अडकवता येतो. तो चुकला तर पुढचा फटका तुम्हाला मिळतो. "ओम्ब्रे!" अशी हाक आली तर चेंडू विसरा, माणूस धरा. नवख्याने पहिल्या वर्षी चेंडू मारलाच नाही, नुसते माणसं धरली, तरी चांगली टीम त्याला परत बोलावते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हात गळ्यात बांधलेला असताना मी सहा आठवडे कडेला बसून होते. प्रत्येक फटक्यानंतर मनात म्हणायचे, रेषा कुणाची? निळ्याची. आता? बदलली, लालची. पहिल्या दिवशी दर चारांतले तीन चुकत होते. प्रॅक्टिसला उतरण्याआधी हेच केलं असतं तर! तुम्ही करा. पंधरा दिवस, रोज चार चकर, नुसतं बघत. पाय दुखत नाहीत, पैसे लागत नाहीत.

तीन दिवसांत पोलो शिकवणाऱ्या सहली मिळतात. सुट्टीसाठी जरूर जा, मजा येते. पण तिथे सगळ्यात शांत घोडी मिळते, खेळ संथ असतो आणि शिकवणारा तुमच्यासाठी थांबतो. रेषा तोडल्याचं तुम्हाला कळतसुद्धा नाही. तिथून थेट खऱ्या प्रॅक्टिसमध्ये उतरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

गुरू कोण करावा? मोठ्या हँडिकॅपच्या (खेळाडू किती चांगला ते सांगणारा आकडा) खेळाडूकडे नवखे धावतात. तो अंगभूत खेळतो, त्याला तुमची अडचण आठवत नाही. माझं मत विचाराल तर पेतिसेरोला धरा, म्हणजे आपल्याकडचा मोतद्दार. शेपट्या बांधताना, आयाळ उतरवताना त्याच्याजवळ उभे राहा. (ताको आणि लगाम अडकू नयेत म्हणून पोलोच्या घोड्यांची आयाळ काढतात. मला ती पाहून आमचे फ्योर्ड घोडे आठवायचे.) कोणती घोडी डावीकडे वळताना अडते, कोण चौथ्या मिनिटाला दमते, हे त्यालाच माहीत असतं. अपघातानंतर माझ्यावर ओरडणारे बरेच होते. आमचा पेतिसेरो ओरडला नाही. रोज संध्याकाळी तो त्या घोडीच्या पायावर थंड पाण्याची नळी धरून वीस मिनिटं बसायचा. चौथ्या दिवशी मी गेले, चांगल्या हाताने नळी धरली. त्याने जागा करून दिली, एवढंच.

पैशाचं थोडक्यात. घोडा विकत घेऊ नका. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराला सरकारी घोडा मिळायचा. तुम्ही पहिली दोन-तीन वर्षं बारगीरच राहा. एक घोडा विश्रांती घेऊन मॅचमध्ये दोन चकर खेळतो, म्हणजे चार चकरच्या साध्या सामन्याला किमान दोन घोडे हवेत. एकटा घोडा घेऊन काय कराल? भाडं ठरवताना त्यात पेतिसेरो धरलाय का, घोडा दुखावला तर खर्च कुणाचा, हे आधी लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं. हेल्मेट मात्र नवंच घ्या, चेहऱ्याला जाळी असलेलं.

आणि जून-जुलैत येऊ नका. नॉर्वेची सुट्टी तेव्हा असते, पण इथे हिवाळा असतो आणि बरेचसे घोडे कुरणात मोकळे सोडलेले असतात. सप्टेंबर ते डिसेंबर खरा हंगाम. पाऊस पडला की मैदानं बंद, म्हणून दोन आठवडे ठरवलेत तर तीन धरा. पालेर्मोवर आता महिलांचीही ओपन भरते, ती चुकवू नका. इथे हँडिकॅप शून्यापासून सुरू होतो, इंग्लंडमध्ये उणे दोनपासून. शून्य मिळालं तर मान खाली घालू नका, मी चौथ्या वर्षीही शून्यावरच आहे आणि दर शनिवारी खेळते.

पंचकल्याणी पुढच्या ऑक्टोबरात परत मैदानात आली, आधी एकच चकर, संथ. दुसरं कुणीतरी बसलं होतं. पेतिसेरोने नंतर दोनदा तिचा लगाम माझ्यापुढे केला आहे. मी अजून घेतलेला नाही. खेळून आली की तिच्या पायावर नळी धरायला मात्र जाते.