सकाळी गाडीचा एकच कोपरा खाली बसलेला दिसला तर

एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगवर उभ्या असलेल्या एसयूव्हीत असं झालं, की त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलायची घाई करू नका. आधी गळती शोधा. गाडी वरच्या उंचीवर घ्या, साबणाचं पाणी एअर स्प्रिंगच्या घड्यांवर आणि नळीच्या जोडांवर फवारा. बुडबुडे येतील तिथे गळती. रबर बहुधा घडीतच चिरतं. गाडीखाली मात्र मुळीच शिरू नका, हवा सुटली तर गाडी थेट अंगावर बसते.

गळती तशीच ठेवली तर कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. गोव्याच्या दमट हवेत त्याच्या ड्रायरवरही (हवेतला ओलावा शोषणारा भाग) ताण येतो, कॉम्प्रेसरबरोबर तोही तपासून घ्या.

चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी डुलत असेल, तर आधी टायरची हवा आणि कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा) रबरी बुश बघा.