बोट दुसऱ्या खाडीत नेण्याआधी

मुंबईकडची जुनी बोट घेऊन कर्लीच्या खाडीत आणली तेव्हा तळ घासला, रंग मारला, नारळही फोडला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पाइपची जाळी तेवढी उघडली नाही. देवबागजवळ इंजिन तापलं. उघडून बघतो तर आत बोटाच्या पेराएवढे काळपट शिंपले, घोसच्या घोस, सगळे जिवंत. वैतागून ते तिथेच खाडीत झटकले. हा गाढवपणा पहिल्यापेक्षा मोठा: परका शिंपला असा जिवंत टाकला की नव्या खाडीत पसरू शकतो.

म्हणून आधी जाळी. बोट वर ओढलीत की रंगाचा डबा नंतर उघडा, जाळी आधी. पाइपात ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी तासभर भरून ठेवा. नुसत्या गोड्या पाण्याने भागत नाही; खाडीतले शिंपले तोंड मिटून पावसाळाही काढतात. असाच परका, मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईतही. १९९९ मध्ये तो ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनांमध्ये, म्हणजे बोटी बांधायच्या बंदिस्त गोद्यांमध्ये, निघाला, तर दरवाजे लावून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतावं लागलं. शिंपले मेले, आतलं बाकीचंही मेलं. आपल्या खाडीला दरवाजे नाहीत, आणि आत कालवं आहेत.

तळ घासायचा तो भरतीच्या रेषेच्या वर, खाली ताडपत्री अंथरून. पाण्यात उभं राहून घासाल तर घाण आहे तिथेच पेराल. खरवड खड्ड्यात पुरा, किनाऱ्यावर ढकलू नका. ठोकळ्यांवर बोट टेकते तिथे रंग लागत नाही आणि शिंपले नेमके तिथेच धरतात. ठोकळे सरकवून तेवढा भाग पुन्हा रंगवा. सुकाणाची फट, पंख्याचा दांडा, पठाण म्हणजे तळाचा कणा, हेही बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट वर असतेच, वेळ नव्हता म्हणू नका.

आणि जाळी? झाली म्हणता, पण पाइपचं दुसरं टोक पाहिलंत का? टॉर्च मारून बघा.

बाजूला टांगलेले जुने टायर काढा, त्यांच्या पोटात पाणी साचतं. दोर, जाळं, नांगराची साखळी उन्हात खडखडीत वाळवा. तळातलं पाणी जमिनीवर उपसा. अनोळखी शिंपला दिसला तर फोटो काढा, नमुना पिशवीत घाला, मत्स्य खात्याला कळवा, पाण्यात टाकू नका.

डिझेल, कागद, लाइफ जॅकेट ठाऊकच आहे. पाण्यात उतरवायच्या सकाळी पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून जाळी परत एकदा उघडा.