काळ्या मातीतील कर्दळ

कडक उन्हाळा सोसणारे आणि पावसाळ्यातही न कुजणारे बहुवर्षायू फुलझाड नागपूरच्या बागेत हवे असेल, तर कर्दळीचा विचार आधी करावा. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व त्यात गुलाबाची मुळे गुदमरतात. मूळच्या अमेरिका खंडातील या वनस्पतीला मात्र ती ओल मानवते. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीतही कर्दळ वापरली जाते. म्हणूनच मोरीचे पाणी जिथे जिरते, त्या कडेला ती निःशंकपणे लावावी, फक्त तिथे दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत पानेच माजतात.

मे महिन्यात वाफा हातभर खोल खणून तापू द्यावा आणि त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. मृगाचा पाऊस स्थिरावला, की दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे, डोळे वर ठेवून, 8 ते 10 सेंटिमीटर खोल लावावेत. दोन तुकड्यांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर असावे; सुरुवातीला वाफा रिकामा दिसला, तरी बेट पसरून तो भरून काढते. बियांपासूनही रोपे होतात, परंतु संकरित जातीचा रंग त्यांत जसाच्या तसा उतरत नाही.

पुढची खरी निगा कोयत्याची आहे. ज्या दांड्यावरील सर्व फुले संपली, तो पुन्हा फुलत नाही; असा दांडा जमिनीलगत कापला, म्हणजे बुडातील नव्या फुटव्यांना जागा व अन्न मिळते. बहुतेक बागांत हाच कंटाळा केला जातो आणि दोष खताला दिला जातो.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, माती भेगाळते आणि त्यात मुळे तुटून बेट मलूल होते. त्यासाठी मार्चमध्येच वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन घालावे आणि सकाळी भरपूर पाणी द्यावे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पानांच्या कडा करपल्या, तरी कंद शाबूत असतात.

दोन-तीन वर्षांनी मधला भाग विरळ फुलू लागतो. तेव्हा पावसाच्या तोंडावर बेट उकरून कडेचे टवटवीत कंद पुन्हा लावावेत. पानांवर पिवळे पट्टे व नवे फुटवे वेडेवाकडे दिसल्यास तो बहुधा विषाणूरोग असतो. त्यावर औषध नाही; असे बेट कंदांसकट काढून जाळावे आणि त्याचे कंद कोणालाही देऊ नयेत.